सेकंद दोनदा

शेवटची फेरी. शिवडीच्या पुढे बसमध्ये
मी, रुमाव, आणि काचेचा एक पेला,
अर्धा भरलेला, स्टीअरिंगच्या डावीकडे.
डेपोत नव्या पोरांना शिकवताना ठेवायचा तो.
ज्याचं सांडलं त्यानं चहा पाजायचा.
त्याचं कधी सांडलं नाही. म्हाताऱ्या उतरताना म्हणतात,
पोटातलं पाणी हललं नाही रे बाबा.

मी रात्रशाळेत अकरावीला. वय एकोणचाळीस.
वही पिशवीत, सुट्ट्या पैशांच्या खाली.
परवा बाईंनी फळ्यावर लिहिलं:
अंतिम वेगातून आरंभीचा वेग वजा करा,
लागलेल्या वेळाने भागा, आलं त्वरण.
इथवर ठीक. वजाबाकीवरच पोट आहे माझं.
पण उत्तराच्या पुढे त्यांनी लिहिलं
मीटर, दर सेकंदाला, दर सेकंद.
मला वाटलं, बाईंचा हात घसरला.
एकदा आला होता की सेकंद!
विचारलं नाही. शेजारच्या बाकावर
माझ्या मुलाच्या वयाची पोरं.

रुमाव हसला नाही.
"तुला पगार कसा? महिन्याला.
त्यात वाढ कशी? वर्षाला.
इतके रुपये, महिन्याला, दर वर्षी.
आली ना वेळ दोनदा?
वाढ मिळाली की कोण विचारतंय."

मग सिग्नल सुटायच्या आत म्हणाला, "घड्याळ बघ."

पोर्ट ट्रस्टचा रस्ता, सरळ,
गोदामांच्या भिंतीला टेकून झोपलेले ट्रक.
पाच सेकंद: काटा नऊवर.
दहा: अठरा.
पंधराला सत्तावीस, विसाला छत्तीस.
नवाचा पाढा म्हणत गेला काटा.
पहिल्या पाचांत बसनं स्वतःची लांबीसुद्धा ओलांडली नव्हती,
शेवटच्या पाचांत साडेतीन बसांइतकी धावली;
पाय मात्र तेवढाच दाबलेला, आणि पाणी
माझ्या बाजूच्या कडेला जेमतेम चढलेलं,
तिरकं, आणि तसंच स्थिर.
तिरकं असूनही स्थिर. असं मी आधी पाहिलं नव्हतं.

छत्तीसवर त्यानं काटा धरून ठेवला
तसं पाणी सपाट झालं,
जसं उभ्या बसमध्ये असतं.
"त्याला वेग कळत नाही," रुमाव म्हणाला,
"बदल कळतो."

तिकिटाच्या कोऱ्या कागदावर मी मांडलं:
छत्तीस गुणिले पाच, भागिले अठरा, दहा.
दहातून शून्य गेला, दहा. भागिले वीस.
अर्धा मीटर,
दर सेकंदाला,
दर सेकंद.

डावीकडे दारूखान्याची गल्ली गेली.
तिथं आमची खोली होती. जहाजं फोडल्याचा आवाज
सासऱ्यांना झोपेतही लागायचा.
अकरा दिवसांत उठवलं, मानखुर्दला सातव्या मजल्यावर.
सासरे तिथं जिन्यात उभे राहायचे, कठडा धरून,
जसं कोणी अजून ब्रेक मारतंय.
डॉक्टर म्हणाले वय. सून म्हणून मीही म्हणाले वय.
आज वाटतं, वजाबाकी कुणाला चुकली असती?
घर ते घर, तेवढंच अंतर पडणार होतं.
पण खाली, भागाकारात,
अकराच्या जागी दोन-तीन वर्षं लिहिली असती कुणी

तेवढ्यात कुत्रं.

पेला पुढच्या काचेवर आपटला, फुटला नाही.
पाणी सगळं काचेवर, मी दांड्याला,
कुत्रं रस्ता ओलांडून गेलं
मागे वळूनही न बघता.

इंजिन चालू. वायपर उगीच आतल्या पाण्यासाठी
बाहेरून एकदा फिरला.
"किती?" रुमावनं विचारलं.
अडीच सेकंद, मी म्हणाले, फार तर.
शून्यातून दहा गेले.
"मग लिही. आधी उणे लिही."
उणे चार, मी लिहिलं, आणि दोन्ही सेकंद,
एकही न गाळता.

रे रोडच्या पुलाखाली टपरी उघडी होती.
त्यानं बस कडेला घेतली, इतकी हळू
की रिकामा पेलासुद्धा वाजला नाही.
"चल," म्हणाला, "चहा माझ्याकडून."